माझा तात्पुरता आजार

कार्यक्रम कसा करायचा हे कोल्हापुरात कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडं यावं. फी नाही! मंडप, माईक, पाहुण्यांची शाल, रुसलेल्या गायकाला चहा, थांबायचं नाव न घेणाऱ्या गायकाच्या वायरीत ऐनवेळी बिघाड, सगळं आपल्या डाव्या हाताचा मळ! पोटापाण्यासाठी माझं शाहूपुरीत मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, पण खरा मी म्हणजे कराओके मंडळाचा चिटणीस आकाराम. पन्नाशी उलटली की आमच्याकडं माणसाला दोन गोष्टी हमखास लागतात. एक साखर आणि दुसरं कराओके! मशीन नुसतं संगीत वाजवतं, पडद्यावर शब्द उमटतात आणि ते बघत आपण गायचं. मी स्वतः गात नाही. मी बाकीच्यांना आवरतो.

तेव्हा कॅन्सर संशोधनाच्या मदतीसाठी गाण्यांचा कार्यक्रम करायचं मंडळात ठरलं आणि मी छाती ठोकून म्हणालो, "हॉल भरायचं माझ्यावर सोडा!"

आमचे अध्यक्ष कल्लाप्पाण्णा भांड्यांचे व्यापारी. माणूस लोण्यासारखा, आवाज मात्र माळ्यावरून पातेलं पडल्यासारखा. त्यांनी लगेच फर्मान काढलं, "इषय गंभीर हाय. सगळी गाणी रडकी पायजेत. उडत्या चालीचं एकबी न्हाय!"

"मी उडत्या चालीचंच म्हणणार," एक बाई मागून म्हणाली. ती बाई म्हणजे माझी बायको, वर्षाराणी.

"अवो वहिनी, कॅन्सर हाय ह्यो!"

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली.

तिला खरंच माहीत होतं. आदल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, किमो, सगळं पुण्यात खोली घेऊन केलं, मी जाऊन-येऊन असायचो. इथं लोकांना सांगितलं की अनुजाला, म्हणजे आमच्या लेकीला, पुण्यात नोकरी लागलीय, तिचं बस्तान बसवायला आई गेलीय. केस गेले तेव्हा सांगितलं, नवस होता, तिरुपतीला दिले. लोकांनी प्रसादाचा लाडू मागितला. तोही कुणाकडून तरी मागवून गल्लीभर वाटला! एका आजाराला झाकायला केवढी खटपट!

आणि खटपट कशासाठी, तर अनुजासाठी. शिरोळच्या विजयसिंहांच्या राजवीरशी तिचं जवळजवळ ठरलेलं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फक्त थोरल्यांनी सुपारी फोडायची राहिली होती. त्यात आईला असला आजार म्हणजे लेकीलाही होणार, असं लोक धरून चालतात. अनुजा म्हणायची, मी राजवीरला सांगून टाकते. वर्षाराणी तिला सांगू देत नव्हती. मलाही तिनं बजावलेलं, "अनूच्या डोक्यावर अक्षता पडूपर्यंत तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाय. आन् मला स्टेजवर बाई म्हणून गायचंय. पेशंट म्हणून न्हाय."

मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द!

तो पुढच्याच बैठकीत घसरला. नशीब, त्या दिवशी वर्षाराणी आली नव्हती!

झालं काय, तिकिटं खपेनात. लोक म्हणायचे, गणपतीला मागा, देतो. भंडाऱ्याला मागा, देतो. संशोधन म्हणजे काय, ते जेवाय घालतंय काय? कल्लाप्पाण्णा वैतागले. म्हणाले, "जाऊ द्या तिकडं. कॅन्सर-बिन्सर ऱ्हाऊ दे, आपलं साधं गाण्याचं संमेलन करूया. कुणाच्या घरात काय पेटलंय म्हणून एवढी धडपड करायची?"

माझ्या डोक्यात काहीतरी सणकन गेलं. मी ओरडलो, "ज्याच्या घरात शिरलाय त्याला इचारा!"

सगळे माझ्याकडं वळले. पुढचा शब्द म्हणजे वर्षाराणीचं नाव, ते मी गिळलं.

कल्लाप्पाण्णांनी हळू आवाजात विचारलं. हळू म्हणजे पातेल्याऐवजी वाटी पडावी तसं. "आकाराम... तुझ्या घरात?"

मी मान खाली घातली. आणि सगळ्यांची नजर माझ्या गालावर गेली. आता माझ्या गालाचं ऐका. नुकत्याच माझ्या दोन दाढा काढलेल्या. एक गाल सुजलेला, दुसरा पेज पिऊन पिऊन खोल गेलेला. त्यात डॉक्टरनं दम दिल्यापासून तंबाखू-सुपारीचा मावा खाणं बंद!

"म्हणून मावा सोडलास व्हय रं?" कल्लाप्पाण्णांचे डोळे भरून आले. "आन् आमाला बोलला न्हाईस!"

नाही म्हणावं, तर मग घरात कुणाला आहे? घरात आम्ही तिघंच! मी आ केला, पण त्यातून शब्दच निघाला नाही. त्या लोकांनी माझा तो 'आ'सुद्धा तपासून घेतला.

"कुणालाबी सांगणार न्हाय," कल्लाप्पाण्णांनी माझा हात धरला. "आईची आण!"

त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. बायकोनं फक्त भिशीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर दारात शहाळी! एक जण गव्हांकुराचा रस घेऊन आला, एकानं कसल्यातरी पाल्याचा काढा आणला आणि मी तो पिईपर्यंत समोरून हलला नाही. पंखा दुरुस्तीला टाकून वर्षभर फिरकला नव्हता, तो गडी पैसे देऊन पंखा घेऊन गेला. म्हणाला, "मनात काय ऱ्हाऊ नये." कुणी घासाघीस करेना! समोरच्या गल्लीतला दुरुस्तीवाला, जो एरवी माझ्याकडं बघून थुंकतो, तो येऊन स्टुलावर बसला. दुकानाच्या फळ्या न्याहाळत राहिला. जाताना हळूच म्हणाला, "ही जागा भाड्याची का मालकीची?"

आणि तिकिटं! तिकिटं कशी उडाली म्हणता! 'आकारामसाठी' म्हणून एकेकानं घरदार गोळा करून घेतली. दुकानाजवळच्या चौकात फ्लेक्स लागला. माझा पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो आणि खाली 'लढवय्या'. फोटोत माझ्या हातात जिलेबी होती, ती कापून त्या जागी माईक लावलेला.

हे सगळं मी वर्षाराणीला सांगणारच होतो. शप्पथ! पण माझ्याआधी धोंडुबाईंनी गाठलं. धोंडुबाई आमच्या शेजारीण. त्यांनी भाजी घेऊन येणाऱ्या वर्षाराणीला भर गल्लीत मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "कसं गं सोसलंस एकटीनं!"

वर्षाराणीच्या हातून पिशवी सुटली. तिला वाटलं, फुटलं सगळं! ती तिथंच कट्ट्यावर बसली. मग धोंडुबाई पुढं म्हणाल्या, "तुझ्या मालकाचं ऐकलं गं!"

घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. दार लावून तिनं विचारलं, "काय झालंय तुम्हाला? माझ्यापासनं काय लपवलंय?"

"काय न्हाय झालं."

"खरं सांगा."

मी खरं सांगितलं. दाढेपासून शहाळ्यापर्यंत. तिनं दाराची कडी पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाली, "म्हंजे माझा कॅन्सर तुम्ही घेतलासा?"

"तात्पुरता," मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि नंतर तो तोंडाचा डोळ्यांना कधी गेला ते कळलं नाही. समोर टेबलावर, गिऱ्हाइकानं दिली असं सांगून मी आणलेल्या शहाळ्यांचा ढीग पडलेला. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "मी पुण्यात किमो घेऊन त्या खोलीवर पडायची, तवा मला धोंडुबाईची लई आठवण यायची."

मी कोयता घेतला. एक शहाळं फोडून तिला दिलं.

"कार्यक्रम होईपर्यंत असंच चालू दे," ती शेवटी म्हणाली. "शिरोळची पावणंबी येणार हाईत."

पाहुणे त्याआधीच आले. विजयसिंह सरळ दुकानात. मोठा बागायतदार माणूस, मिक्सरच्या भांड्यांमध्ये अवघडून बसला. मी चहा मागवला. आता हे सोयरीक मोडतायत, असं समजून मी चहा बशीत सांडला. त्यांना तेही आजाराचं लक्षण वाटलं.

"पावणं, स्पष्ट इचारतो, राग मानू नका. तंबाखूचाच न्हवं?"

"मावा," मी म्हणालो.

"मग काय काळजी न्हाय!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "तंबाखूनं आमच्यातलीबी चौघं गेली. ते माणसाच्या हातचं असतंय. रक्तातला नसला म्हंजे झालं. आमच्या चुलतभावाच्या सुनंचं आईकडनं आलेलं निघालं, ती गेली आन् पोरगं उघडं पडलं. तवापासनं आमच्या घरात लई धास्ती. तुमचं तसं न्हाय, बरं झालं!"

मीही 'बरं झालं' म्हणालो. माझ्या मरणावर एवढा खूष झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. जाताना वर म्हणाले, "तुमच्या डोळ्यांदेखत लगीन उरकून घिऊया की." माझ्यासमोर दुसरा मार्गच नव्हता. मी अशक्त हसलो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. भिंतीकडेनं लोक उभे! माझं वचन मी पाळलं होतं, कसं पाळलं ते मात्र विचारू नका. एकेक गायक स्टेजवर यायचा, "हे गाणं आकारामभाऊंना" म्हणायचा आणि असं रडकं गाणं काढायचा, की पुढच्या रांगेत रुमाल पुरेनात. एक जण तर कडवं विसरून नुसताच रडला. पडद्यावर शब्द पुढं चाललेले, संगीत वाजतंय आणि हा माईकमध्ये हुंदके देतोय. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या!

वर्षाराणी विंगेत उभी होती. अबोली रंगाची साडी, नुकतेच वाढलेले बारीक केस, त्यावर इवलासा गजरा कसाबसा अडकवलेला. तिचं गाणं सत्कारानंतर होतं. तिसऱ्या रांगेत विजयसिंह, त्यांच्या बाजूला राजवीर, पलीकडं अनुजा.

संशोधन संस्थेकडून पाहुण्या आल्या होत्या डॉक्टर आदिती. तरुण, शांत बाई. कल्लाप्पाण्णांनी मला शाल पांघरली, नारळ दिला आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. "आकाराम, तुझा अनुभव सांग. लोकांना धीर येऊ दे."

मी सटकायला बघत होतो. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, बोला. जेवढं वाटेल तेवढंच बोला." इतक्या मायेनं म्हणाल्या, की मी बोलायला लागलो.

आणि मंडळी, एकदा लागल्यावर मला थांबता येईना. वर्षभर तोंडाला कुलूप होतं, ते तुटलं. मी म्हणालो, "आजाराची भीती नंतर वाटती. आधी भीती वाटती ती कुणाला कळंल ह्याची. औषध अंगात गेलं की पाणीसुद्धा लोखंड चाटल्यागत लागतंय. भाताच्या वासानं उलटी हुती, पण घरच्याला वाईट वाटू ने म्हणून दोन घास गिळायचं, आन् मग न्हाणीत जाऊन नळ सोडायचा, आवाज बाहेर जाऊ ने म्हणून. रात्री भित्तीकडं तोंड करून पडायचं. बाजूच्याला वाटावं, झोप लागलीया."

विंगेत वर्षाराणी माझ्याकडं टक लावून बघत होती. बाजूचा, म्हणजे मी, जागाच असायचो, हे तिला त्या दिवशी कळलं असावं.

"आन् एक दिवस न्हाताना डोक्यावर पाणी वतलं," मी म्हणालो, "तर अख्खी येणी हातात आली. कमरंपातूर येणी. टाकायला जीव हुईना. पिळून दांडीवर वाळत घातली."

एक हुंदका आला. मग दुसरा यायचा तो आलाच नाही.

"येणी?" कुणीतरी म्हणालं.

माझ्या डोक्यावर तिशीपासून एक केस नाही, हे उभ्या शाहूपुरीला ठाऊक आहे! लोकांनी माझ्या टकलाकडं बघितलं. स्टेजवरच्या दिव्यात ते नेमकं चकाकत होतं.

"कुणाची येणी रं, आकाराम?" कल्लाप्पाण्णांनी विचारलं, आणि माईक चालूच होता.

"माझी... म्हंजे... मनातली..."

मागून एक जण खदखदून हसला. दुसरा ओरडला, "अरं, सोंग हाय हे! तिकिटं खपवाय ढोंग केलंय!" मग काय विचारता! "शहाळी परत दे!" "लाज वाटती का?" ज्यानं काढा पाजला होता तो खुर्चीवर चढला. डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "औषधांनी माणूस गोंधळतो, शांत व्हा." पण ऐकतो कोण? कल्लाप्पाण्णा माझ्याकडं असे बघत होते, की त्यापेक्षा त्यांनी एखादं पातेलं फेकून मारलं असतं तर बरं. "आईची आण घेतलीवती मी," ते म्हणाले.

मी नारळ धरून उभा. कुणाचं नाव घेणार? मी मनाशी ठरवलं, आपण ढोंगी. असू दे! उद्या दुकान बंद करावं लागलं तरी चालेल. मी माईकमध्ये म्हणालो, "चुकलं माझं. मी खोटं बोललो. मला काय..."

"येणी माझी हुती."

वर्षाराणी विंगेतून बाहेर आली होती. आवाज मोठा नव्हता, तरी मागचा गोंधळ पुढून पुढून विझत गेला.

"मला हाय कॅन्सर. म्हंजे हुता. हाय का हुता ते डाक्टरबी छातीवर हात ठेवून सांगत न्हाईत. मीच ह्यांना सांगू नका म्हणाले. ह्यांनी माझ्यासाठी गाल दाखवला लोकांना. ह्यांना काय बोलायचं न्हाय." मग ती यंत्राजवळ बसलेल्या माणसाकडं वळली. "माझं गाणं लावा."

त्यानं लावलं. ते उडत्या चालीचं गाणं त्या हॉलमध्ये सुरू झालं, तेव्हा लोकांना रडावं की ताल धरावा, कळेना. पहिलं कडवं तिनं अगदी सुरेख म्हटलं. मान वेळावून, हात उडवून, लग्नाआधी म्हणायची तसं. दुसऱ्या कडव्यात तिचा दम संपला. ऑपरेशनच्या बाजूला हात धरून ती थांबली. तोंड उघडलं, सूर आला नाही. पडद्यावर शब्द एकामागून एक रंगत चालले, संगीत नाचत राहिलं आणि ती त्यांच्याकडं नुसती बघत उभी राहिली. सगळं वाजून संपेपर्यंत कुणी हललं नाही.

नाही, हलला एक जण. विजयसिंह उठले. "गाडी लांब लावलीया," असं बाजूच्याला म्हणाले आणि वाकून वाट काढत गेले. राजवीरनं अनुजाकडं बघितलं. ती खाली बघत होती. मग तोही वडिलांच्या मागं गेला.

स्टेजवर कल्लाप्पाण्णा गहिवरून पुढं झाले. त्यांना वर्षाराणीचा सत्कार करायचा होता, पण मंडळानं शाल एकच आणलेली! ते माझ्याजवळ आले आणि डोळे पुसत म्हणाले, "आकाराम, जरा काढ की." माझ्या खांद्यावरून शाल काढून त्यांनी तिला पांघरली. नारळही घेतला. आता लोक टाळ्या वाजवायला लागले, उभे राहून वाजवायला लागले. वर्षाराणी त्या शालीत इतकी बारीक दिसत होती, की मला टाळ्या वाजवणं जमलं नाही.

आम्ही तिघं चालतच घरी आलो. आल्यावर अनुजा एवढंच म्हणाली, "मी त्याला आधीच सांगणार होते आई. तू सांगू दिलं नाहीस." मग आईच्या जवळ येऊन तिच्या केसांतला गजरा सोडवला, कारण तो त्या बारीक केसांत अडकून बसला होता, आणि पाणी भरायला गेली. शिरोळहून फोन आला नाही. अजून आलेला नाही. संस्थेला मात्र मोठी मदत गेली. डॉक्टरबाईंचा आभाराचा फोन आला, तो मी दुकानात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात गल्ली लोटली. धोंडुबाई सगळ्यांत पुढं, शहाळं घेऊन. मागं काढा, मागं गव्हांकुर, त्याच्या मागं भांडी घासायची राख तशीच हाताला लागलेल्या दोन बायका. मी आत गेलो. वर्षाराणी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर कणीक, पण मळत नव्हती.

"सगळी आल्याती," मी म्हणालो. "दोन मिंटं भेटतीस?"

"सांगा, झोपलीया."

"धोंडुबाई हाईत. तुला आठवण यायची म्हणालीस की."

"तवा यायची," ती म्हणाली. कणकेत बोट रुतवून तसंच ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही एवढं दिवस पेशंटचं काम केलंसा. आजच्या दिवस आणखी करा की."

मी बाहेर आलो. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"वर्षाराणी कशी हाय?" धोंडुबाईंनी शहाळं माझ्या हातात देत विचारलं.

"ती बरी हाय," मी म्हणालो. "मलाच जरा बरं वाटंना."

इतक्या दिवसांत माझ्या तब्येतीबद्दल मी शाहूपुरीशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य! पण धोंडुबाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शहाळं हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "आता पुरं की!"